लीव्हरवरची टोपी

माझी बदली मुंबईला झाली तेव्हा सिलिगुडीच्या बॅरेकमध्ये सगळ्यांनी माझ्याकडून जिलेबी उकळली. मी भांडुपचा आणि पोस्टिंग घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यातल्या एका वर्कशॉपला. घर सायकलच्या अंतरावर. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "सावंत, तेरी तो लॉटरी लग गई." मलाही तसंच वाटलं होतं.

मी लान्सनाईक होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. बंदूक चालवायला शिकलो होतो, पण नोकरीचा बहुतेक काळ हातात पानाच होता. लोकांना फौजी म्हटलं की सीमेवरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. आम्ही गाड्यांच्या पोटाखालचे फौजी. ट्रक, क्रेन, डोझर, रिकव्हरी व्हेइकल, जे बंद पडेल ते आमच्याकडे यायचं आणि चालू होऊन जायचं. सकाळी पीटी, फॉल-इन, मग डांगरी चढवून शेडमध्ये. दुपारी लंगरची डाळ. संध्याकाळी केरोसिनने हात धुवायचे, तरी नखांतलं ग्रीस जायचं नाही.

पहिल्या रविवारी आउट-पास घेऊन घरी गेलो. मी भरती झालो तेव्हा वडील गिरणीत होते. आता संपात गिरणी बुडाली होती आणि ते मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होते. धाकट्या भावाचं लग्न होऊन गेलं होतं. त्या लग्नाला मला सुट्टी मिळाली नव्हती. चाळीतल्या एका खोलीत आणि पोटमाळ्यावर सगळ्यांनी आपापली जागा करून घेतली होती आणि त्यात माझी कुठेच नव्हती. भावजयीने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीतून चहा दिला. आई म्हणाली, "परत कधी जातलंस, झिला?" तिला फक्त भात किती टाकायचा ते ठरवायचं होतं. पण मला ते लागलं. संध्याकाळी रोल कॉलला बराच वेळ होता, तरी मी लवकर निघून बॅरेकमध्ये येऊन पडलो.

परक्या गावात एकटं वाटलं तर माणूस घराची आठवण काढतो. स्वतःच्या गावात एकटं वाटलं तर काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

नाईक कुंदनसिंग माझ्याच शेडमध्ये होता. गढवालचा, माझ्याहून मोठा, बुटका आणि रुंद. मी त्याला उस्ताद म्हणायचो. तो मला बंबईवाले म्हणायचा. डोझरच्या इंजिनांजवळ वर्षं काढून त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता. तो तुमच्याशी बोलताना मान तिरकी करायचा, आणि नवख्यांना वाटायचं की हा माणूस संशयाने बघतोय. प्रत्यक्षात त्याच्याइतका निःशंक माणूस मी पाहिला नाही. दुसऱ्याच रविवारी तो आपणहून म्हणाला, चल, तुझं घर दाखव. मी टाळत होतो. तो आला.

आईला हिंदी येत नव्हती आणि त्याला मालवणी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तासाभरात तो ओट्याजवळ पाटावर बसून नारळ खवत होता. डाव्या कानाने ऐकू येत नाही हे कळल्यावर आई त्याच्या उजव्या बाजूला सरकून बोलू लागली. भावाबरोबर त्याने कॅरम मांडला आणि सरळ सरळ लबाडी केली. भावजय हसली. ती हसते हे मला त्या दिवशी कळलं. वडील कामावरून आले, त्यांनी बिडी पेटवली आणि आपण होऊन गिरणीच्या गोष्टी काढल्या. त्या गोष्टी मीही कधी ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी चहा साध्या स्टीलच्या पेल्यातून आला, मलासुद्धा.

मग दर रविवारी आम्ही दोघं जाऊ लागलो. खरं सांगायचं तर तो माझ्या घरी यायचा नाही, मी त्याच्यामागून माझ्या घरी जायचो.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक रिवाज होता, त्याबद्दल सांगायला हवं. गाडीखाली जाणाऱ्याने आपली टोपी स्टिअरिंगवर अडकवायची, डोझर असेल तर लीव्हरवर. टोपी दिसली म्हणजे खाली माणूस आहे. अशा मशीनला कोणी हात लावायचा नाही. काम झालं की त्याने बाहेर यायचं, खणखणीत आवाजात "बाहर!" म्हणायचं आणि आपली टोपी आपणच काढायची. दुसऱ्याची टोपी काढायची नाही, मग तो कर्नल का असेना. मॅन्युअलमध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण रायफलीला जितकं आम्ही जपायचो तितकंच या रिवाजाला जपायचो, कारण पूर्वी कुठल्यातरी शेडमध्ये कोणीतरी चिरडलं गेल्याशिवाय असे रिवाज पडत नाहीत.

माझी अडचण आवाजाची होती. लहानपणी वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. एका खोलीत आम्ही सगळी भावंडं कुजबुजतच मोठी झालो. गाडीखालून बाहेर आलो की माझ्या तोंडून "बाहर" असा निघायचा की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. कुंदनसिंग कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. "जोर से बोल, बंबईवाले. यहाँ कोई सो नहीं रहा." मग मी पुन्हा म्हणायचो. त्याला उजव्या कानाने ऐकू जाईपर्यंत तो मला टोपी काढू द्यायचा नाही. शेडमधले सगळे हसायचे. मलाही राग यायचा नाही.

जुलैमध्ये एका इंजिनिअर युनिटचा डोझर आमच्याकडे ओव्हरहॉलला आला होता. काम कुंदनसिंगचं आणि माझं. ऑपरेटर म्हणून त्यांचा हवालदार त्याच्याबरोबर राहिला होता, यादव नावाचा, कमी बोलणारा. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. इंजिन झालं होतं, चाकांवरचे लोखंडी ट्रॅक चढवले होते, फक्त ट्रायल राहिली होती. सकाळच्या फॉल-इनलाच निरोप आला की जवळच्या टेकडीखालच्या वस्तीवर दरड आली आहे आणि सिव्हिल प्रशासनाने मदत मागितली आहे. त्यांची मशीनं दुसरीकडे अडकली होती. आमच्याकडे उभा होता तो हा एकच डोझर.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "चलेगा?" कुंदनसिंग म्हणाला, "चलेगा साहब. हम साथ जाएँगे." ज्याने दुरुस्त केलं त्याने ट्रायलला बरोबर जायचं, हाही आमचा नेमच होता. डोझर ट्रेलरवर चढवला आणि आम्ही निघालो.

टेकडीचा एक तुकडा खालच्या खोल्यांच्या रांगेवर बसला होता. बऱ्याच खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, कारण रात्री भिंतीला भेग दिसल्यावर माणसं देवळात जाऊन राहिली होती. टोकाच्या एका खोलीत मात्र आवाज होता. आतून कोणीतरी भांड्याने पत्र्यावर ठोकत होतं. बाहेर एक माणूस गुडघाभर चिखलात उभा होता. त्याच्याशी कोण काय बोलतंय ते त्याला कळतच नव्हतं. मी मराठीत विचारल्यावर त्याने माझी बाही धरली. "माजी घरवाली आत आसा. नि चेडू." देवळातून ती मुलीचं दूध तापवायला परत आली होती, तेवढ्यात दरड आली.

आमच्या तुकडीत मराठी बोलणारा मी एकटा. म्हणून पत्र्याला तोंड लावून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी सवयीने हळूच विचारलं आणि काही उत्तर आलं नाही. मागून कुंदनसिंग ओरडला, "जोर से!" मी जोरात विचारलं, वहिनी, ऐकू येतंय का? आतून बाई म्हणाली की पोर ठीक आहे, पण पाणी चढतंय, कमरेला आलंय. मी ते कॅप्टन साहेबांना सांगितलं.

दारापुढे एक मोठा धोंडा येऊन बसला होता आणि त्याच्यावर माती. फावड्याने माती काढली की वरून तितकीच खाली यायची. धोंडा ढकलायचा तर डोझरच पाहिजे होता. यादवने मशीन घेतलं, पहिली खेप काढली, दुसरी काढली. तिसऱ्या खेपेला मातीतल्या एका दगडाच्या धारेने पोटाखालून जाणारा हायड्रॉलिकच्या तेलाचा रबरी होज फाटला. तेल उडालं आणि ब्लेड जमिनीवर बसलं. ब्लेड उचललं जात नाही तोवर डोझर म्हणजे नुसतं लोखंडाचं घर.

साहेबांनी वायरलेस सेटवर कळवलं. "डोझर डाउन. होज फटा है. मेकॅनिक साथ में है. ओव्हर." पलीकडून विचारलं, दुसरं मशीन पाठवायचं का, यायला दुपार होईल. आत पाणी चढत होतं. साहेबांनी आमच्याकडे बघितलं.

कुंदनसिंग टेकडीकडे बघत होता. तो डोंगरातलाच माणूस. उतारावरून एक ओहळ येत होता, सकाळी तो स्वच्छ होता आणि आता त्याचं पाणी लाल झालं होतं. तो मला म्हणाला, "फिर आएगा." मी विचारलं, कधी? त्याने मान हलवली, ते कोणाला सांगता येतं? मग त्याने साहेबांना तेच सांगितलं आणि पुढे जोडलं की होज बदलायला अर्धा तास लागेल, बदलतो. साहेबांनी एकदा त्या खोलीकडे बघितलं. "गो अहेड," म्हणाले.

मी म्हणालो, मी जातो खाली. तो म्हणाला, तू गेलास तर बाईशी कोण बोलणार? ते बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला ते आजही सोसत नाही.

यादवने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. कुंदनसिंगने टोपी काढून लीव्हरवर अडकवली, नवा होज गळ्यात घातला, पाने कंबरेला खोचले आणि चिखलातून पाठीवर सरकत आत गेला. मी पत्र्यापाशी आणि डोझरपाशी, असा येरझारा घालत राहिलो. बाईला सांगत होतो की झालं, आता झालं. पोरीचं नाव विचारलं. सुमी. सुमीला म्हणालो, ठोकत राहा. ती ठोकत राहिली. डोझरखालून अधूनमधून पाना घसरल्याचा आवाज आणि एक गढवाली शिवी यायची. ती शिवी ऐकली की मला धीर यायचा, कारण काम मनासारखं चाललं असलं की तो शिव्या द्यायचा.

मग शिव्या थांबल्या. आमच्या बाजूला चिखल वर आला होता, म्हणून तो टेकडीच्या बाजूने बाहेर सरकला. डोझरच्या पुढून पलीकडे त्याचं डोकं मला दिसलं, मग खांदे. तो उठून बसला, हात वर केला आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "बाहर!"

आणि टेकडी आली.

लोक म्हणतात दरडीचा गडगडाट होतो. मला तसं काही आठवत नाही. पावसाचा आवाज थोडा जाड झाला, एवढंच. डोळ्यांपुढे लाल माती होती आणि जिथे तो बसला होता तिथे काहीच नव्हतं. डोझरचा टेकडीकडचा ट्रॅक अर्धा गाडला गेला होता. पत्र्यावरचं ठोकणं थांबलं होतं.

मी तिकडे बोट दाखवून ओरडलो, उस्ताद तिथे आहे. कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "फावडे, कुंदन की तरफ! यादव, मशीन घर पे!" ऑर्डर योग्य होती. माणूस मातीत आहे तिथे डोझर घालता येत नाही, तिथे हातांनीच काढावं लागतं. आणि धोंडा हातांनी हलणार नव्हता. मी फावडं घ्यायला धावलो. साहेबांनी माझा दंड धरला. "तू सिग्नल देगा. औरत की आवाज तू ही सुन सकता है."

यादव डोझरवर चढला आणि तिथेच थांबला. लीव्हरवर टोपी होती. पावसाने भिजून ती जड झाली होती आणि तिथेच लोंबत होती. त्या माणसाने युद्ध पाहिलं होतं. पण त्याचा हात पुढे जाईना. मघाशी तो डोझरच्या मागच्या अंगाला उभा होता, त्याला दिसलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं. त्याच्या लेखी कुंदनसिंग अजून मशीनच्या पोटाखाली होता. ट्रॅक फिरला असता तर काय झालं असतं, ते त्याला माहीत होतं आणि मलाही.

"सावंत," तो म्हणाला, "वो बाहर आया था?"

"आया था."

"बोला था?"

"बोला था. मैंने सुना."

"पक्का?"

तेवढ्या पावसात, तेवढ्या गोंधळात ते एक "बाहर" माझ्याशिवाय कोणीही ऐकलं नव्हतं. मी वर चढलो. लीव्हरवरची टोपी काढली आणि शर्टाच्या आत, छातीशी ठेवली. आयुष्यात दुसऱ्याच्या टोपीला मी तेवढा एकदाच हात लावला. म्हणालो, "पक्का. स्टार्ट करो."

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. ब्लेड उचललं गेलं. होज त्याने पक्का बसवला होता, एक थेंब गळला नाही.

मी घराकडे तोंड करून उभा राहिलो आणि हाताने सिग्नल देऊ लागलो. उजवीकडे, सावकाश, थांब, पुढे. माझ्या पाठीमागे फावडी चालू होती. सिग्नल देणाऱ्याने मागे बघायचं नसतं, ऑपरेटरची नजर त्याच्यावर असते. मी मागे बघितलं नाही. फावड्यांचा आवाज एका लयीत होता तोवर मला कळत होतं की अजून सापडला नाही. धोंडा हलला, सरकला, उताराला लागून खाली गेला. मी आत हाक मारली. घसा फाटेस्तोवर मारली. मग आतून ठोकल्याचा आवाज आला, एकदाच, बारीक.

पोरगी आधी बाहेर आली, मग बाई. दोघी जिवंत. त्या माणसाने माझे पाय धरले, मी त्याला उठवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागची फावडी थांबली आहेत. मग मी वळलो.

तो ट्रॅकपासून चांगला दूर सापडला. मशीनचा ओरखडाही त्याच्या अंगावर नव्हता. यादव खाली उतरला, ते अंतर त्याने डोळ्यांनी मोजलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर लगेच आले होते. आधी काढला असता तर वाचला असता का, हे मी त्यांना विचारलं नाही. आजवर कोणालाच विचारलेलं नाही.

त्याला गावी पोहोचवायला एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. गाडी, मग ट्रक, मग खांद्यांवरून वर. त्याचे वडील अंगणात उभे होते, त्याच्यासारखेच बुटके आणि रुंद. सगळं झाल्यावर त्यांनी मला चुलीजवळ बसवलं आणि एकच गोष्ट विचारली. "मशीन चली?"

"चली," मी म्हणालो. "पहले झटके में."

त्यांनी मान हलवली. मी टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती झटकली, चिखल वाळून कडक झाला होता तो नखाने काढला आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली. तिथे ती तो सुट्टीवर आल्यावर अडकवायचा, असं त्याच्या आईने सांगितलं.

परत आल्यावर पुढच्या रविवारी मी एकटा भांडुपला गेलो. आईला कळवलेलं होतं. तरी तिने ओट्याजवळ पाट मांडला होता आणि त्यावर नारळ ठेवला होता. सवयीने मांडला असेल. तिने मला बघितलं, नारळ उचलून ठेवला आणि पाट भिंतीला उभा केला. मग ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि मोठ्याने म्हणाली, "जेवलंस काय रे?" माझे दोन्ही कान चांगले आहेत, हे ती विसरली होती. मी तिला सांगितलं नाही. ती कायम तशीच, माझ्या उजव्या बाजूने, मोठ्याने बोलत राहिली.

पेन्शन घेतल्यावर मी नाहूरला एक गाळा घेतला. एकटाच काम करतो. माणसं ठेवून बघितली, जमलं नाही, मला फार बोलायला आवडत नाही. गाडीखाली जायच्या आधी टोपी स्टिअरिंगवर अडकवतो. शटर अर्धं खाली असतं, आत दुसरं कोणी नसतं, किल्ली माझ्याच खिशात असते. काम संपलं की सरकत बाहेर येतो, उठून बसतो आणि म्हणतो, "बाहर!" कोणी ऐकायला नसतं. तरी मोठ्याने म्हणतो. एखाद्या दिवशी आवाज बारीक पडलाच, तर टोपीला हात लावत नाही. पुन्हा म्हणतो.